खाडा चुकला तेव्हा एक्स्ट्रॅक्टर कळला

गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला, ताई रस्ट भाषेत बॅकएंड (सर्व्हरकडची बाजू) शिकतोय, त्यातल्या वेब फ्रेमवर्कचं म्हणजे अ‍ॅक्समचं हँडलर (आलेल्या रिक्वेस्टला उत्तर देणारं फंक्शन) लिहिलं, पण फंक्शनच्या कंसात पाथ, क्वेरी, जेसन, स्टेट असं काय काय टाकतात ते भरून कोण देतं? ते भरून देतात एक्स्ट्रॅक्टर. प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते, कारण मलाही हे पुस्तकातून नाही कळलं, सदाशिव पेठेतल्या एका मेसमुळे कळलं.

मी तेव्हा शिकत होते आणि त्या मेसमध्येच जेवायचे. काकू खाडे वहीत लिहायच्या. (पुण्याबाहेरच्यांसाठी, खाडा म्हणजे ज्या दिवशी जेवायला येणार नाही ते आधी सांगायचं, मग ते दिवस पुढे वाढवून मिळतात.) वहीत गोंधळ व्हायचा म्हणून मी म्हटलं मी तुम्हाला मोबाईलवर करून देते. प्रोजेक्ट म्हणून हे फार चांगलं निघालं, कारण समोर खरा माणूस होता आणि चूक झाली की त्याच दिवशी कळायची.

पहिल्या व्हर्जनमध्ये मी सगळं स्ट्रिंग म्हणजे नुसता मजकूर म्हणून घेत होते आणि मग हँडलरच्या आत इफ वर इफ, तारीख आहे का, रिकामी नाही ना, आकडाच आहे ना, असं चाळीस ओळी आणि मग खरं काम पाच ओळींचं. तेच चेक दुसऱ्या हँडलरमध्ये कॉपी, तिसऱ्यात कॉपी करताना एक राहिला. नवीन असताना बहुतेक सगळे असंच लिहितात, पण यातून लवकर बाहेर पडा.

मुळात रिक्वेस्ट म्हणजे नुसता मजकूर असतो. यूआरएल मजकूर, हेडर मजकूर, बॉडी म्हणजे बाइट्स. सभासद क्रमांक १७ हा तिथे आकडा नसतोच, एक आणि सात अशी दोन अक्षरं असतात. त्याचा आकडा कुठे करायचा एवढाच प्रश्न आहे, आणि माझं ठाम मत आहे की तो दारातच करायचा. एक्स्ट्रॅक्टर म्हणजे ते दार. तुम्ही हँडलरच्या आर्ग्युमेंटला टाईप लिहिता, पाथमध्ये यू३२ (पूर्ण आकडा) पाहिजे, क्वेरीमध्ये (यूआरएलमधल्या प्रश्नचिन्हापुढचा भाग) अमुक स्ट्रक्ट (फील्डांचा गट) पाहिजे, अ‍ॅक्सम तो टाईप बघून रिक्वेस्टमधून तेवढं काढतं, सर्डी (रस्टची एक लायब्ररी) त्याचं रूपांतर करतं, आणि जमलं नाही तर तुमचं हँडलर चालतच नाही, परस्पर एरर जातो. आत आलेली गोष्ट बरोबर टाईपचीच असणार, मग आत शंका घेत बसायचं नाही.

एक नियम सगळ्यांना अडवतो. बॉडी वाचणारा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे जेसन किंवा फॉर्म, सगळ्यात शेवटी लिहायचा. कारण बॉडी हा प्रवाह आहे, एकदा वाचला की संपला, म्हणून बॉडीला हात न लावणाऱ्यांसाठी फ्रॉमरिक्वेस्टपार्ट्स आणि बॉडी घेणाऱ्यासाठी फ्रॉमरिक्वेस्ट असे दोन वेगळे ट्रेट (टाईपला काय जमलं पाहिजे त्याचा करार) आहेत, आर्ग्युमेंट डावीकडून उजवीकडे चालतात आणि बॉडीवाला एकच, तोही शेवटचा. क्रम चुकला की कंपाइलर हँडलर ट्रेटबद्दल एवढा लांबलचक एरर देतो की त्यातून काहीच बोध होत नाही, मी दोन संध्याकाळी त्यात घालवल्यात. हँडलरवर डीबग हँडलर मॅक्रो लावा, तो नेमकं कुठलं आर्ग्युमेंट चुकलं ते सांगतो.

आता ती चूक. काकू रात्री दुसऱ्या दिवशीची यादी उघडायच्या, किती जण जेवायला नाहीत ते बघून कणीक आणि भाजीचा अंदाज करायच्या. यादीच्या यूआरएलला तारीख क्वेरीमध्ये जायची, नाही दिली तर आजची यादी. म्हणून मी अख्ख्या क्वेरीलाच ऑप्शनमध्ये गुंडाळलं, म्हणजे एकतर किंमत असेल नाहीतर नन (काहीच नाही). अ‍ॅक्समच्या तेव्हाच्या ०.७ व्हर्जनमध्ये त्याचा अर्थ असा होता की क्वेरी नसली तरी नन, आणि क्वेरी आहे पण तारीख वाचता आली नाही तरीही नन. आणि स्क्रीनवरचा तारखेचा रकाना मी साधा मजकुराचा ठेवला होता, काकूंनी आपण लिहितो तशी आधी दिवस मग महिना मग वर्ष अशी तारीख टाकली, रस्टमधल्या नाईव्हडेट या तारखेच्या टाईपला मात्र आधी वर्ष लागतं. झालं, एरर गायब, स्क्रीनवर आजची म्हणजे शनिवारची यादी, आणि काकूंना वाटलं ही रविवारची.

पुण्यात रविवार म्हणजे मेसची फीस्ट, संध्याकाळी मेस बंद म्हणून सकाळीच सगळं. अकरा मुलं गावी गेली होती, त्यांनी खाडा नीट टाकलाही होता, पण काकूंनी त्यांचंही धरून केलं. दुपारी तीन वाजता अकरा वाट्या गुलाबजाम ओट्यावर तशाच होत्या. काकू मला एक शब्द बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुरुस्ती छोटी होती. ऑप्शन बाहेरून काढून आत, स्ट्रक्टमधल्या तारखेच्या फील्डवर ठेवला. आता तारीख नसेल तर नन, पण चुकीची असेल तर ४०० हा एरर कोड. हा फरक डोक्यात पक्का बसवा, नसणं आणि चुकीचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि एक तिसरी पण आहे, फॉर्ममधला रकाना रिकामा सोडला की यूआरएलमध्ये "तारीख=" एवढंच येतं, पुढे काहीच नाही, ती रिकामी स्ट्रिंग असते, नन नव्हे, त्यासाठी डिसिरियलाइझचं (मजकुरातून टाईप बनवायचं) स्वतःचं छोटं फंक्शन लिहावं लागतं. २०२५ च्या जानेवारीत अ‍ॅक्सम ०.८ आलं त्यात बाहेरचा ऑप्शन पूर्वीसारखा चुका गिळत नाही. त्याच व्हर्जनमध्ये पाथ लिहायची पद्धतही बदलली, कोलनच्या जागी महिरपी कंस आले, त्यामुळे जुना ट्युटोरियल बघून लिहिलं तर सर्व्हर सुरू होतानाच पॅनिक होतो, घाबरू नका.

एरर कोड वाचायला शिका, ते फुकटात सांगतात चूक कुठे आहे. जेसन एक्स्ट्रॅक्टरकडून ४१५ आला तर कंटेंट टाईप हेडर राहिलंय, ४०० म्हणजे जेसनच मोडकं आहे, ४२२ म्हणजे जेसन ठीक पण तुमच्या स्ट्रक्टमध्ये बसत नाही. ४१३ आला तर बॉडी मोठी आहे, मूळ मर्यादा २ एमबी असते, सभासदांचे फोटो टाकताना मला हाच लागला.

टाईप निवडणं हे खरं कौशल्य. मी मोबाईल नंबर आय३२ (३२ बिटांचा आकडा) घेतला होता, त्यात २१४७४८३६४७ च्या वर जात नाही, आपले मोबाईल ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे एकही नंबर बसणार नाही. मग त्याहून मोठा आय६४ केला तर एका सभासदाने लँडलाइन दिला, पुण्याचा कोड ०२०, पाथमधून आकडा म्हणून वाचला की पुढचं शून्य गेलं, आणि जेसनमध्ये तर शून्याने सुरू होणारा आकडाच चालत नाही. ज्याची बेरीज करत नाही तो आकडा नाही, तो स्ट्रिंग. त्याच्यावर स्वतःचा टाईप बनवा आणि ट्रायफ्रॉम या रूपांतराच्या ट्रेटमध्ये तपासणी ठेवा, टाईपवर सर्डीचं ट्राय फ्रॉम अ‍ॅट्रिब्यूट लिहिलं की सर्डी ती वापरतं. वेळेसाठी सकाळ-संध्याकाळ असा एनम (ठरावीक पर्यायांचा टाईप) केला की दुपार असं काही आत येऊच शकत नाही.

मराठी माणसांसाठी लिहिताना अजून दोन गोष्टी. पत्त्यातल्या पेठेच्या रकान्याला मी वीसची मर्यादा घातली होती आणि "सदाशिव पेठ" नाकारलं जायचं, कारण रस्टचं लेन बाइट्स मोजतं, देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट्सचं, मधली मोकळी जागा १ ची, एकूण २८ होतात. कॅर्स म्हणजे एकेक चिन्ह घेऊन मोजलं की १०. दुसरं, काकूंचा कीबोर्ड मराठी, त्या पिन कोड देवनागरी आकड्यांत टाकतात, पायथनचं इंट ते निमूट वाचतं पण रस्टचं पार्स नाकारतं. म्हणून आकडे बदलून घेणं मी पिन कोडच्या आणि फोनच्या टाईपमध्येच टाकलं, हँडलरना त्याचा पत्ताही नाही. टेस्टमध्ये पहिली केस ४११०३० हीच आहे, काकूंनी टाकला होता तसाच देवनागरीत.