शेवटी डावीकडे पडणारच, अशी डिस्क

डिस्क गोल्फ, म्हणजे चकती फेकून साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ, खेळणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगून टाकते. ओव्हरस्टेबल (शेवटी जोरात कडेला वळणारी) अप्रोच डिस्क (बास्केटजवळ पोचवणारी) घेतलीत, तर निदान पहिला महिनाभर तिने पट, म्हणजे जवळून बास्केटमध्ये फेक, करू नका. या जातीला ‘पट अँड अप्रोच’ म्हणतात खरं, पण त्यातला पहिला शब्द हिच्या कामाचा नाही. साखळ्यांपासून ७-८ मीटरवर सरळ जाणारा साधा पटर हवा. हिचं राज्य सुरू होतं साधारण २० मीटरपासून आणि माझ्यासारख्या मंद हाताच्या बाईसाठी ते ४५ मीटरला संपतं.

प्रत्येक डिस्कला चार आकडे असतात, ते बघा. इनोव्हा कंपनीची एव्हिअर (साधा पटर) २, ३, ०, १ अशी आहे, डिस्क्राफ्टची झोन (ओव्हरस्टेबल) ४, ३, ०, ३. वेग, ग्लाइड (हवेत तरंगणं), टर्न (वेगात असताना उजवीकडे वळणं), फेड (शेवटी डावीकडे झुकणं) असा तो क्रम. दोघींचा ग्लाइड सारखाच, टर्न दोघींचाही शून्य. खरा फरक शेवटच्या आकड्यात आहे. उजव्या हाताने बॅकहँड मारला की एव्हिअर शेवटी जरा डावीकडे झुकते, झोन मात्र चांगलीच डावीकडे कोसळते. (पुढे मी ‘डावीकडे’ म्हणेन ते याच फेकीसाठी. फोरहँडला किंवा डावखुऱ्यांना सगळं उलटं.)

हे का होतं ते कळलं की फेकताना मन शांत राहतं. वेग उतरल्यावर डिस्क खाली बसू लागते, हवा खालून पुढच्या भागाला रेटते आणि नाक वर उचलू बघते. पण फिरणारी वस्तू भोवऱ्यासारखी हट्टी असते, रेटाल तिकडे न कलता काटकोनात कलते. त्यामुळे नाक वर जाण्याऐवजी डावी कड खाली जाते. हाच फेड. साधा पटर आणि झोन टेबलावर शेजारी ठेवून डोळा टेबलाच्या पातळीवर आणा. रिमचा वरचा उतार आणि खालची बाजू जिथे मिळतात ती रेघ ओव्हरस्टेबल डिस्कमध्ये सहसा जरा उंचावर दिसते. माथाही बहुतेक वेळा चपटा असतो. मी दुकानात आकड्यांआधी हेच बघते, कारण एकाच साच्यातल्या दोन डिस्कसुद्धा अगदी जुळ्या निघतीलच असं नाही.

माझी पहिली खरेदी चुकली होती. ‘वाऱ्यात हलत नाही’ एवढं ऐकून मी ऱ्हायनो आणली : २, १, ०, ३. डिस्क उत्तम आहे, पण ग्लाइड १ आणि माझा हात संथ. ३० मीटरसाठी फेकली की वीसेक मीटरवरच डावीकडे बसायची. फेडचा आकडा जोरदार हातांना डोळ्यासमोर ठेवून दिलेला असतो. हात मंद असेल तर फेड लवकर सुरू होतो आणि जास्त वाटतो. नवशिक्यांनी ३ ग्लाइडची झोन किंवा हार्प घ्यावी, किंवा फेड २ वर थांबावं.

आता फेक. मी ही डिस्क जास्त करून फोरहँडनेच मारते, कारण फोरहँडमध्ये मनगटाचा जरासा पीळ चुकला तरी ही डिस्क तो पोटात घालते. साधा पटर तिथे लगेच उलटतो. मधल्या बोटाची गादी रिमच्या आतल्या भिंतीला घट्ट टेकवायची, तर्जनी तिला चिकटून, अंगठा वर दाबलेला. तळव्यात आणि डिस्कमध्ये फट राहिली की ती हातात डुगडुगते आणि सुटतानाही तशीच सुटते. कोपर कमरेजवळ ठेवायचं, खांदा विसरायचा आणि मनगटाने टपली मारायची. तळवा शेवटपर्यंत आभाळाकडे. सुटल्यावर तळवा जमिनीकडे वळत असेल तर तुम्ही मनगट पालथं घालताय. सुरुवातीला सगळेच घालतात.

डिस्क कुठे पडते यापेक्षा पडल्यावर ती कुठे जाते हे महत्त्वाचं, आणि हे मी एका तळ्याकाठी शिकले. बास्केट ३५ मीटरवर, तळं तिच्या डावीकडे, जमीन वाळून टणक. बॅकहँड सपाट आणि जोरात मारला. नारिंगी झोन बास्केटपासून वीतभर अंतरावर टेकली, मी मूठही वळली. पण ती डाव्या कडेवर टेकली होती, तिथून टणकन उडाली आणि पाण्यात गेली. वर एक दंडाची फेक.

तेव्हापासून मी आधी जमीन बघते. मऊ असेल तर डावी कड चांगली खाली करून, म्हणजे हायझरवर, उंच टाकायची. डिस्क उभीच्या उभी येऊन रुतते. जमीन टणक किंवा उताराची असेल तर तीच फेक चाकासारखी पळू शकते. तिथे उलट कलाने, अ‍ॅनहायझरवर सोडायची. फेड तिला हळूहळू सपाट करतो, आणि नेमकी सपाट झाल्यावर टेकली तर बशीसारखी बसते. हे जमायला वेळ लागतो. मला अजून पाचातल्या तीनच जमतात.

समोरचा वारा हिचा सण. समोरून वारा आला की डिस्कला हवेचा वेग जास्त लागतो, म्हणून प्रत्येक डिस्क उजवीकडे उलटू बघते. ही उलटत नाही. पाठीमागचा वारा असेल तर मात्र ती लवकर पडते, तेव्हा मी साधा पटरच काढते.

बास्केटभोवतीच्या १० मीटरच्या वर्तुळाबाहेरून फेकलीत, तर डिस्क सुटल्यावर तोल पुढे गेला, पाऊल पुढे पडलं तरी चालतं. आतून फेकल्यावर तोल सांभाळून उभं राहावं लागतं. ११ मीटरवर असाल तर ही मोकळीक वापरा.

सरावाला ३० मीटरवरून पाच फेकी, सगळ्या थेट बास्केटवर नेम धरून, सारख्या जोराने आणि सपाट. मग डिस्क बास्केटच्या किती पावलं डावीकडे पडल्या ते मोजायचं. पुढच्या वेळी तेवढी पावलं उजवीकडे नेम. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा, कारण झाडांवर आपटून कड झिजली की फेड कमी होतो, स्वस्त प्लास्टिकचा तर फारच लवकर. माझ्या नव्या झोनच्या आतल्या बाजूला मार्करने ‘३० – ४ पावलं’ लिहिलंय. तळ्यातून काढलेल्या नारिंगीवर आधी ४ होतं, ते खोडून ३, आणि आता २.