‘म्हणून’ कुठल्या बाजूला लावायचा?

“बाई, देवाला त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोनशे अंश करता आली असती का?” नववीच्या वर्गात हा प्रश्न आला तेव्हा मी फळ्यावर समांतर रेषा काढत होते. “आधी सिद्धता लिहून घे,” असं सांगून मी वेळ मारून नेली, आणि ते मला पुढे कित्येक वर्षं बोचत राहिलं. सामान्य सत्यं, म्हणजे ‘सगळे’ किंवा ‘प्रत्येक’ असं म्हणणारी खरी विधानं, कशाच्या आधारावर उभी असतात आणि त्यावरून ईश्वराच्या स्वरूपाबद्दल काय म्हणता येतं, हे तपासायची जी रीत हळूहळू माझ्या हाती आली, ती इथे लिहिते. लागते एक वही, पेन्सिल, पेन, आणि ‘म्हणून’ हा एक शब्द.

सुरुवात देवापासून करू नका. आधी एखादं साधं ‘सगळे’वालं वाक्य घ्या: “या डब्यातली सगळी बटणं पांढरी आहेत.” डबा उपडा करा. सात बटणं निघाली. प्रत्येकासाठी एक ओळ लिहा, खाली रेघ मारा आणि लिहा, “म्हणून सगळी पांढरी.” पण थांबा, एक ओळ राहिली: “आठवं बटण नाही.” तिच्याशिवाय सात ओळींवरून ‘सगळी’पर्यंत पोचता येत नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९१८ सालच्या व्याख्यानांत नेमकं यावर बोट ठेवलं होतं. माणसांची यादी कितीही पुरी केली तरी ‘एवढीच माणसं आहेत’ हे वेगळं सांगावं लागतं, आणि ते पुन्हा सामान्य विधानच असतं.

आता कागदाचा त्रिकोण कापा. तिन्ही कोपरे फाडा आणि त्यांची टोकं एका बिंदूशी जुळवून शेजारी शेजारी ठेवा. कडा सरळ रेघेत येतात, १८० अंश. मुलं असे दहा त्रिकोण फाडतात आणि म्हणतात, “दहाही जुळले, म्हणून सगळे जुळणार.” हा ‘म्हणून’ बटणांच्या ‘म्हणून’सारखा दिसतो, पण तसा नाही. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली की व्युत्क्रम कोन सारखे होतात आणि तिन्ही कोन त्या एकाच रेषेवर येऊन बसतात. त्रिकोण कुठला, केवढा, याचा संबंधच येत नाही. दहा त्रिकोणांमुळे नियम खरा झालेला नाही. सपाट पृष्ठभागाचं स्वरूपच तसं आहे, म्हणून हे दहा जुळले. चेंडूवर तिन्ही कोन काटकोन असलेला त्रिकोण काढता येतो, तिथे बेरीज २७० भरते. स्वरूप बदललं की नियमही बदलला.

इथे हमखास गल्लत होते. “धूर दिसतो म्हणून आग आहे” आणि “आग आहे म्हणून धूर आहे”, दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, पण पहिला ‘म्हणून’ आपल्याला कळण्याचा आहे आणि दुसरा गोष्ट तशी असण्याचा. आपल्या शास्त्रकारांनी यांना ज्ञापक हेतू आणि कारक हेतू अशी वेगळी नावंच दिली आहेत. मी कळण्याचा ‘म्हणून’ पेन्सिलीने लिहिते आणि असण्याचा शाईने. फाडलेले दहा त्रिकोण पेन्सिलीचे, समांतर रेषा शाईची. हा हात बसेपर्यंत पुढे जाऊ नका, कारण ईश्वराबद्दलचे बरेचसे वाद पेन्सिलीचं वाक्य शाईने गिरवल्यामुळे होतात.

आता विचारा, शाईच्या ओळीखाली ईश्वर आहे का? फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनी १६३० मध्ये आपले विद्वान मित्र मेर्सेन यांना पत्रांतून कळवलं की शाश्वत सत्यंही ईश्वराने घालून दिलेली आहेत, राजा कायदे करतो तशी, आणि वर्तुळाच्या सगळ्या त्रिज्या सारख्या नसाव्यात असं ठरवायलाही तो मोकळा होता. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ यांनी १७१४ मध्ये हे खोडून काढलं: ही सत्यं ईश्वराच्या इच्छेवर नाहीत, त्याच्या बुद्धीवर टेकलेली आहेत. आपल्याकडच्या न्याय-वैशेषिक दर्शनांचा ईश्वर निमित्त कारण आहे, म्हणजे मडक्याला कुंभार असतो तसा. त्याच्या बाजूला परमाणूही नित्य आणि ‘सामान्य’ही (सगळ्या गायींत असतं ते ‘गायपण’) नित्य, त्यातलं काहीच त्याने घडवलेलं नाही. मला देकार्त यांचं उत्तर पटत नाही. सपाटपणा तसाच ठेवून बेरीज दोनशे करा म्हटलं, तर नक्की काय करा म्हटलं हेच मला सांगता येत नाही.

मग सगळ्यात अवघड वाक्य घ्या: “ईश्वर सर्वज्ञ आहे.” साधं विशेषण वाटतं, पण त्याच्या पोटात ‘सगळं’ दडलेलं आहे. जे जे सत्य, ते ते तो जाणतो. बटणांच्या रीतीने लिहून बघा. तो हे जाणतो, ते जाणतो, झाडावरून आत्ता एक पान पडलं तेही जाणतो, आणि न कळलेलं काही उरलं नाही, म्हणून सर्वज्ञ. म्हणजे ज्याला कशाचीच गरज नाही म्हणतो, त्याची सर्वज्ञता एका वाळक्या पानावर टेकली! शिवाय ती तुकड्यातुकड्यांची झाली, आणि ‘काही उरलं नाही’ ही शेवटची ओळ तर निव्वळ योगायोगासारखी वाटते. त्रिकोणाच्या रीतीने लिहिलं तर ओळ अशी होते: त्याचं स्वरूपच असं की काही झाकलेलं राहू शकत नाही, म्हणून तो हे पानही जाणतो. माझा कौल या बाजूला आहे. तरीही पान पडलं हे त्याने जाणायला पान पडावं लागतंच, ही अडचण मागे राहते. तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांनी इथे बाणच उलटा फिरवला: कारागिराच्या मनातला आराखडा जसा वस्तूच्या आधी असतो, तसं ईश्वराचं ज्ञानच वस्तूंचं कारण. पण मग माणूस खोटं बोलतो त्याचंही कारण ईश्वराचं ज्ञानच का, हा प्रश्न लगेच दारात उभा राहतो. तिथे घाई करू नका, वहीचं ते पान कोरं सोडा.

एखादं वाक्य बटणांच्या रीतीचं की त्रिकोणाच्या, याचा कौल लागत नसेल तर मी रिकामा डबा वापरते. डब्यात एकही बटण नसेल, तरी “यातलं प्रत्येक बटण पांढरं आहे” हे तर्काच्या हिशोबाने खरंच धरतात, खोटं पाडायला बटणच नाही एवढ्यावर. आता लिहा: “ईश्वराखेरीज जे जे आहे ते त्याच्यावर अवलंबून आहे.” मग सृष्टी अजून झालेलीच नाही असं धरा आणि हे वाक्य पुन्हा वाचा. वाचणाऱ्याच्या मनात ते तेव्हाही तितकंच भरलेलं, म्हणजे ईश्वराच्या स्वरूपामुळे खरं, वाटतं की नुसत्या रिकामेपणामुळे खरं, हे एकदा त्यालाच मोठ्याने सांगायला लावा, आणि त्यानंतरच शाईचा ‘म्हणून’ लिहा.