इंग्लंडच्या खेड्यातलं जुनं लग्न कसं शोधायचं

लेकीचं लग्न एका इंग्लिश मुलाशी झालं आणि विहीणबाईंनी पहिल्याच भेटीत त्यांच्या घराण्याची वंशावळ माझ्यापुढे पसरली. त्यात १७४० च्या आसपास एक जोडपं होतं, दोघांची नावं माहीत, मुलं माहीत, गावं डर्बीशायरमधली तीही माहीत, पण लग्न कुठल्याच चर्चच्या रजिस्टरात सापडेना. मी म्हटलं बघतो, आणि जो नाद लागला तो लागलाच. तुम्हाला कुणाचं शोधायचं असेल तर असं करा.

पहिलं म्हणजे उलटं चालायचं, जे पक्कं माहितीय तिथून मागे. १ जुलै १८३७ नंतरचं लग्न असेल तर सोपं आहे, कारण तेव्हापासूनच्या नोंदीत नवरानवरीच्या वडलांची नावं आणि धंदे मिळतात (आयांची नावं यायला मे २०२१ उजाडला, काय बोलणार). वयाच्या रकान्यात फुल एज दिसलं तर त्याचा अर्थ २१ पूर्ण एवढाच, पन्नाशीचा घोडनवराही फुल एजच.

त्याच्या मागे गेलात की वडील गायब. १७५४ ते १८३७ मधल्या लग्नांना छापील फॉर्म असतो, कारण हार्डविकचा कायदा २५ मार्च १७५४ ला लागू झाला आणि लग्न चर्चमध्येच, आधी तीन रविवार चर्चमध्ये लग्नाचा जाहीर पुकारा नाहीतर लायसन्स, सह्या आणि दोन साक्षीदार हे सगळं सक्तीचं झालं (ज्यू आणि क्वेकर सोडून). इथे इंडेक्सवर विसंबू नका, मूळ पानाचा फोटोच उघडा, सही आहे की नुसती फुली आहे ते बघा, आणि साक्षीदार नक्की बघा कारण ते बरेचदा भाऊ-मेव्हणे निघतात. मी एका साक्षीदाराला नवरीचा काका समजून दोन दिवस त्याच्या मागे होतो, मग सहज पुढची पानं चाळली तर हा बाबा प्रत्येक लग्नाला हजर! तो चर्चचा क्लार्क होता. तेव्हा आजूबाजूची दहा पानं चाळल्याशिवाय कुणाला काका करू नका.

१७५४ च्या आधी मात्र बहुतेक वेळा एकच ओळ, तारीख आणि दोन नावं, बास. स्पेलिंग पाद्रीबुवांच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. १७३३ च्या आधीची पानं लॅटिनमध्येही असतात पण घाबरू नका, विदुआ दिसलं की आपली विधवाच, शब्द एकाच मुळातला आहे.

खरी गंमत तारखांची. १७५२ पर्यंत तिकडे नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे पहिली बायको जून १७४३ मध्ये पुरली आणि दुसरं लग्न फेब्रुवारी १७४३ चं दिसलं, तर पहिली जिवंत असताना याने दुसरी आणली असं समजून बोंब मारू नका, तो फेब्रुवारी जूनच्या नंतरचा आहे, आपल्या हिशोबाने १७४४ चा. टिपून ठेवताना १७४३/४४ असंच लिहा.

लग्न सापडलंच नाही तर आधी नवरीचं गाव बघा, लग्न बरेचदा तिच्याकडे लागायचं. मग बिशपकडे दरवर्षी पाठवलेल्या रजिस्टराच्या नकला बघा. मूळ रजिस्टरं डर्बीशायरची मॅटलॉकच्या रेकॉर्ड ऑफिसात आहेत, पण हा भाग १८८४ पर्यंत लिचफिल्डच्या बिशपखाली होता त्यामुळे नकला शेजारच्या स्टॅफर्डशायरकडे.

हे सगळं करून मी हरलो होतो, तेव्हा नकाशात डर्बीशायरमधलंच पीक फॉरेस्ट नावाचं गाव दिसलं. डेव्हनशायरच्या काउंटेसने १६५७ मध्ये तिथे चॅपल बांधलं आणि जेमतेम आठ वर्षांपूर्वी मुंडकं उडवलेल्या चार्ल्स राजाचं नाव त्याला दिलं. जागा कुठल्याच पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, मोडत नव्हती, बिशपचा हुकूम चालत नव्हता, त्यामुळे पुकारा न करता लग्न लावून मिळायचं आणि पळून आलेल्या जोड्यांची रीघ लागायची. बाहेरच्यांसाठी रजिस्टरच वेगळं, फॉरिन मॅरेजेस, यातले फॉरिन म्हणजे डोंगरापलीकडच्या गावचे. त्यातच आमची जोडी बसली होती, एका ओळीत. विहीणबाईंना फोन केला तर म्हणाल्या, पळून? आमच्या घरात?

आता त्या नवऱ्याच्या पणजोबांवर अडलोय. ते लग्न पडतं १६५० च्या दशकात, म्हणजे यादवी युद्धाने आधीच रजिस्टरं विस्कळीत झालेली आणि वर १६५३ च्या कायद्याने लग्न पाद्रीऐवजी मॅजिस्ट्रेटसमोर. त्या वर्षांची पानं कोरी दिसली तर अविवाहित होता असं लिहून मोकळे होऊ नका, मी अजून झालेलो नाही.