सोडवून आणलेला घोडा आणि नाशिकची थंडी: या चुका टाळा

निफाडचा पारा पाच-सहावर उतरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, आणि त्याच आठवड्यात मला फोन सुरू होतात, घोडा थरथरतोय काय करू. बहुतेक घोडे टांग्यातून नाहीतर वरातीच्या कामातून सोडवून आणलेले, बरगड्या मोजता येतील असे. फोन करणारा माणूस झूल कुठं मिळेल ते विचारत असतो आणि मी विचारते, रात्री गव्हाणीत वैरण होती का? बहुतेक वेळा नसते.

घोड्याची खरी ऊब त्याच्या पोटात तयार होते. कडबा, वाळलेलं गवत मोठ्या आतड्यात हळूहळू आंबतं आणि त्यातून तासन्‌तास उष्णता निघत राहते. म्हणून संध्याकाळी सातला शेवटची पेंढी टाकून झोपायला जाणं ही पहिली चूक, कारण बारा-एकच्या सुमारास गव्हाण रिकामी होते आणि खरी थंडी तर पहाटे चार ते सहामधली. दिवसभराची कोरडी वैरण वजनाच्या साधारण दीड-दोन टक्के, म्हणजे ३०० किलोच्या घोड्याला पाच-सहा किलो, आणि त्यातला मोठा वाटा रात्रीसाठी ठेवा.

पण घोडा नुकताच उपाशी अवस्थेत आला असेल तर हा हिशोब लगेच लावू नका. आपल्याला दया येते, आपण हरभरा, बाजरी, गूळ पुढ्यात ओततो, आणि नेमकं तेच त्याच्या जिवावर उठतं. अनेक दिवसांच्या उपासानंतर दाणा मिळाला की रक्तातले क्षार अचानक कोसळतात, हृदय बंद पडू शकतं. सुरुवातीचे तीन दिवस वाळवलेला लसूण घास (ल्यूसर्नचा हिरवा चारा वाळवून) अर्धा किलो, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. मग पुढच्या आठवडाभरात हळूहळू वाढवत न्यायचं, तेही डॉक्टरला विचारून. दाणा तर त्यानंतरही बरेच दिवस नाही. आणि गाईचं पशुखाद्य कधीच नाही! काही पशुखाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते गाईला चालतं पण घोड्याच्या हृदयाला विष आहे.

आता झुलीबद्दल. चांदणी ही माझी घोडी आमच्या मखमलाबादच्या मळ्यात आली तो पहिला हिवाळा, मी गोणपाटाची झूल शिवून घट्ट बांधली आणि निश्चिंत होऊन कामाला गेले. नाशिकची थंडी कशी असते माहितीये ना, पहाटे स्वेटरवर शाल आणि दुपारी ऊन असं की झाडाखाली बसावं. संध्याकाळी झुलीखाली हात घातला तर केस घामानं चिकटून बसलेले, गोणपाट ओलं, आणि वर रात्र यायची होती. पुढचे दहा दिवस ती खोकत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. घोड्याचे केस थंडीत उभे राहतात आणि मधे हवा धरून ठेवतात, ओली झूल ते केस दाबून टाकते आणि घोडा झूल नसताना गारठला नसता इतका गारठतो. मग झूल घालायचीच नाही का? म्हाताऱ्या, आजारी, हाडकुळ्या घोड्याला घालायचीच, त्याच्या अंगावर चरबीच नसते. पण ती कोरडी पाहिजे, ऊन आलं की काढायची, आणि काढल्यावर खरारा करताना बरगड्यांवरून बोटं फिरवायची. हिवाळ्यात केस दाट झाले की घोडा भरल्यासारखा दिसतो, पण वजन रोज उतरत असतं आणि ते फक्त हाताला कळतं.

वारा लागू नये म्हणून तबेला चारी बाजूंनी ताडपत्रीनं बंद करणं, आत शेकोटी पेटवणं, हेही नको. धूर आणि मुताचा अमोनिया दोन्ही त्याच्या फुप्फुसात जातात. गुडघ्यावर बसून वास घ्या, डोळे चुरचुरले तर त्याचं डोकं रात्रभर तिथंच होतं असं समजा. वाऱ्याची बाजू बंद, वरची मोकळी, खाली कोरडा पेंढा, एवढं पुरतं.

सगळ्यात जास्त घोडे मी पाण्यामुळे आजारी पडलेले बघितलेत. हौदातलं पाणी सकाळी हाताला झोंबतं, घोडा दोन घोट पिऊन तोंड फिरवतो, वर कोरडा कडबा खातो, आणि आतडं तुंबतं. थंडीतही त्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर लागतं. कोमट पाण्याची एक बादली सकाळी आणि एक रात्री, आणि पोट ठीक असेल तर दोन चमचे मीठ, फरक दोन दिवसांत दिसतो. लीद रोज मोजा. लहान, कडक, सुकलेल्या गोळ्या दिसल्या की पाणी कमी पडतंय. मागं वळून पोटाकडे बघणं, पुढच्या पायानं माती उकरणं, सारखं बसणं-उठणं, लीदच नाही, म्हणजे पोटशूळ, वैरण काढून घ्या आणि लगेच डॉक्टरला फोन. तोपर्यंत बांबूच्या नळीनं गोडेतेल पाजू नका, कुणी कितीही अनुभवी माणूस सांगत असला तरी. तेल श्वासनळीत गेलं तर शूळ बरा होऊनही घोडा न्यूमोनियानं जातो. थंडीसाठी रम पाजायचीही पद्धत आहे, तीही नको, दारूनं कातडीकडे रक्त येतं आणि अंगातली ऊब उलट बाहेर जाते.

नाक वाहतंय, थंडीचं असेल, असं म्हणून सोडू नका. नवीन आलेला घोडा वेगळा बांधा, त्याची बादली, तोबरा, खराऱ्याचा ब्रश सगळं वेगळं ठेवा. चिकट पिवळा शेंबूड, नाकात जखमा, अंगावर गाठी हे ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचं लक्षण असू शकतं, तो माणसालाही होतो आणि सरकारला कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून रक्ताचा नमुना पाठवला जातो, देशातली मोठी तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. खोकला असेल तर थर्मामीटर लावा, ९९.५ ते १०१.५ फॅरेनहाइट ठीक, त्याच्या वर गेलं तर वाट बघू नका.

खूर दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंदाकडून, आणि म्हाताऱ्या घोड्याचे दात एकदा तपासून घ्या. चावून चावून गवताचे बोळे खाली टाकत असेल तर कितीही वैरण टाका, पोटात जातच नाही. चांदणीचं तेच होतं, दात कानशीनं घासून सारखे करून घेतले आणि दीड महिन्यात तिच्या बरगड्या झाकल्या गेल्या.