जुन्या धाटणीची बीएमएक्स नाशकात कशी जोडावी: रेप्लिका फ्रेमपासून रस्त्यापर्यंत

बीएमएक्सची, म्हणजे मातीतल्या शर्यतींच्या छोट्या वीस इंची सायकलीची, रेप्लिका (जुन्या मॉडेलची नक्कल) फ्रेम मागवणं सोपं आहे. घोडं अडतं ते ती घरी आल्यावर, तिच्या भोकांवर. हेडट्यूब (हँडलखालची नळी), बीबी शेल (पेडलचा एक्सल जिथे बसतो ती आडवी नळी) आणि सीटट्यूब (सीटखालची नळी) या तिघांचे आतले व्यास आणि मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं (चाकाचा एक्सल जिथे अडकतो त्या खाचांमधलं) अंतर, या चार मापांवर पुढचा प्रत्येक पार्ट ठरतो. म्हणून नियम एकच: फ्रेम हातात येऊन व्हर्नियरने मोजली जात नाही तोवर ग्रिपसुद्धा विकत घेऊ नका. आधी चकचकीत क्रँक (पेडलचे दांडे), सीट, चाकं जमवून मग फ्रेम घेणाऱ्यांच्या माळ्यावर निम्मे पार्ट पडून राहतात.

आधी काळ ठरवा

कॅलिफोर्नियात १९७० च्या आसपास मुलं श्विन स्टिंग-रे सायकली मातीत पळवून मोटोक्रॉसची नक्कल करायला लागली. त्यातून बीएमएक्स जन्मली. पण 'जुनी बीएमएक्स' म्हणजे एकच रूप नाही. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातली रेसची सायकल क्रोम किंवा निकेलची, पुढे नंबर प्लेट, टॉपट्यूब (फ्रेमची वरची नळी), स्टेम (हँडल धरणारा भाग) आणि हँडलच्या क्रॉसबारवर फोमचे पॅड, बहुतेकदा एकच ब्रेक. पडल्यावर तोंड आपटू नये म्हणून आलेले ते पॅड, शोभेसाठी नव्हेत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली फ्रीस्टाइल सायकल मात्र भडक रंगांची, उभं राहायला जागा असलेली, दोन ब्रेकची. पहिलीच्या फ्रेमला दुसरीची चाकं लावली की जाणकाराला चार हातांवरून कळतं.

काळ ठरला की पार्टांची नावंही ठरतात. मूळच्या सायकलींवर अराया रिम, सुझुए हब, सनटूर फ्रीव्हील, दिया-कोम्पे एमएक्स १००० ब्रेक असा जपानी माल खूप असे. स्कायवेची नायलॉनची टफ व्हील त्या काळाची ओळखच आहेत. आणि ओकली हे नाव आज गॉगलसाठी माहीत असलं तरी १९७५ मध्ये ती कंपनी हँडलच्या ग्रिप बनवून सुरू झाली. अस्सल जुने पार्ट महाग पडतात आणि त्यांचं रबर-प्लास्टिक वाळलेलं असतं. रस्त्यावर चालवायची सायकल असेल तर आजच्या कारखान्यातले त्याच आकाराचे पार्ट घ्या, अस्सल माल भिंतीवर टांगायच्या सायकलीसाठी ठेवा.

चार मापं

'रेप्लिका' या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, जुन्या मापांशी इमान राखलेली फ्रेम. दुसरी, नुसतं रूप जुनं आणि भोकं आजची. फोटोत फरक दिसत नाही, व्हर्नियर लगेच सांगतो.

बीबी शेलचा आतला व्यास ५१.३ मिमी भरला आणि आत आटे नसतील तर ती जुनी अमेरिकन पद्धत, एक-तुकडी क्रँकची. ४१.२ मिमी भरला तर 'मिड', ३७ मिमी भरला तर 'स्पॅनिश', या दोन्ही अलीकडच्या. आत आटे कापलेले असतील तर 'युरो'. अमेरिकन शेलमध्ये अडॅप्टर टाकून तीन-तुकडी क्रँक बसवता येते, उलट दिशेचा उपाय नाही.

हेडट्यूब जुन्या मापाची असेल तर तिथे हेडसेटचे (हँडल फिरतं त्या बेअरिंगचे) ३२.७ मिमीचे कप लागतात. बाजारात सहज मिळणाऱ्या एक इंची हेडसेटचे कप ३०.२ मिमीचे असतात, ते या भोकात खुळखुळतात. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा गुंडाळून ते ठोकून बसवायचा उपाय कुणीतरी सुचवेलच. तो करू नका. पत्रा एका बाजूला जास्त दबतो, कप तिरका बसतो आणि महिन्याभरात छर्ऱ्यांच्या खोबणीत खड्डे पडून हँडल मध्यावर अडकायला लागतं.

सर्वांत जास्त फसवणारं माप मात्र फ्रेमचं नाही, चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) नळीचं. बीएमएक्सच्या एक इंची चिमट्याची नळी जाड असते, तिच्यात २१.१ मिमीचा स्टेम जातो. आपल्याकडच्या नेहमीच्या सायकलींचा स्टेम २२.२ मिमीचा. तो आत जात नाही म्हणून ग्राइंडरवर घासून घालणारे आहेत. घासलेल्या नळीला चीर गेली तर हँडल हातात येतं. याच्या उलट, साध्या सायकलीच्या चिमट्यात २१.१ चा स्टेम घातला तर स्टेम आतून घट्ट धरणारी पाचर कितीही आवळली तरी पहिल्याच खड्ड्यात हँडल फिरतं. हँडलबार जिथे पकडला जातो तिथे मात्र २२.२ मिमी हेच बरोबर. आकडा एकच, जागा वेगळी, म्हणून ऑर्डर देताना घोळ होतो.

सीटट्यूब दोन दिशांनी मोजा, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने भोक किंचित अंडाकृती होतं. जुन्या फ्रेममध्ये २२.२ मिमीचा सीटपोस्ट पुष्कळदा लागतो, पण गृहीत धरू नका. ०.२ मिमीच्या फरकानेही पोस्ट घसरतो. मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर ११० मिमी असावं. एक्सलची खाच दहा मिमीची (३/८ इंच) आहे की चौदा मिमीची, तेही पाहून ठेवा.

माप जमत नसेल तेव्हा नाशिककरांची सोय आहे. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत लेथवाल्यांची कमी नाही. सीटपोस्टचा ॲल्युमिनियमचा बुश किंवा एक्सलचा स्पेसर तिथे करून मिळतो. जाताना कागदावर आकृती न्या: बाहेरचा व्यास, आतला व्यास, लांबी. आणि फ्रेमही सोबत न्या. 'साधारण पंचवीसचा' असं सांगितलंत तर साधारणच मिळेल. चिमटा, स्टेम आणि क्रँक या तिघांना मात्र लेथवर नेऊ नका. तिथलं धातू कमी केलं की जीव धोक्यात येतो.

रंग

फ्रेम क्रोमची असेल तर तशीच ठेवा. क्रोमवर थेट पावडर कोटिंग धरत नाही, पापुद्र्यासारखं सुटतं. कच्ची किंवा रंगवलेली स्टीलची फ्रेम पावडर कोटिंगला देताना हेडट्यूबची तोंडं, बीबी शेल, सीटट्यूबचा आतला भाग आणि ड्रॉपआउटच्या आतल्या बाजू उष्णतेला टिकणाऱ्या टेपने झाकून घ्या आणि तसं चिठ्ठीवर लिहून द्या. एका बाजूला ६० ते १०० मायक्रॉनचा थर बसतो. हेडट्यूबच्या आत तो गेला तर कप ठोकताना नळीचं तोंड फाटू शकतं. भट्टी १८० ते २०० अंशांची असते, तेव्हा आधीची स्टिकरं आणि प्लास्टिकच्या टोप्या काढूनच द्या. नवीन स्टिकरं रंगानंतर.

स्टीलच्या फ्रेमला आतून तेल पाजायला विसरू नका. सीटट्यूबमधून दोन-तीन चमचे तेल ओतायचं, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवायची, रात्रभर वर्तमानपत्रावर उलटी ठेवायची. जुलै-ऑगस्टच्या पावसात फ्रेम गंजते ती आतून, आणि बाहेरचं क्रोम चमकत असल्यामुळे पत्ता लागत नाही.

जोडणी

हेडसेटचे कप हातोडीने ठोकू नका. हार्डवेअरच्या दुकानातून १२ मिमीचा थ्रेडेड रॉड, दोन नट आणि चार जाड वायसर आणा, झाला प्रेस. एका वेळी एकच कप, थोडं ग्रीस लावून, प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला सरळ जातोय का ते बघत. तिरका निघाला तर काढून पुन्हा सुरू करा, जोर लावून सरळ होत नाही. छर्ऱ्यांची कडी उलटी बसणं ही नेहमीची चूक. शंका आली तर दोन्ही बाजूंनी घालून हाताने फिरवा: बरोबर बाजूने गुळगुळीत फिरते, उलट बाजूने पत्रा घासल्याचा आवाज येतो.

एक-तुकडी क्रँक पाहिली नसेल तर कोडं वाटतं. दोन्ही क्रँक आणि मधला एक्सल हा वाकवलेला एकच स्टीलचा गज असतो. आधी शेलमध्ये दोन्ही कप दाबून घ्या. चेनव्हील क्रँकवर सरकवा, क्रँकची पिन त्याच्या भोकात बसवा आणि उजवा कोन (छर्रे ज्यावर फिरतात तो शंकूसारखा नट) घट्ट आवळा. उजवीकडची छर्ऱ्यांची कडी ग्रीस लावून कोनावर ठेवा आणि क्रँकचं डावं टोक उजव्या बाजूने शेलमध्ये घालून वळणातून बाहेर काढा. डावीकडे कडी, मग कोन, खाचेचा वायसर आणि लॉकनट. डावीकडच्या कोनाला आणि लॉकनटला उलटे आटे असतात. हे ठाऊक नसलेला कारागीर जितका आवळतो तितकं ते सैल होतं, मग तो लांब पान्हा लावतो आणि आटे उडवतो. कोन हाताने टेकवून किंचित मागे घ्या, कोन धरून ठेवून लॉकनट आवळा. क्रँक हाताने ढकलली तर दोन-तीन फेरे निवांत फिरली पाहिजे आणि टोकाला खेळ नको.

एक-तुकडी क्रँकचे पेडल १/२ इंची, तीन-तुकडीचे ९/१६ इंची. डाव्या पेडलला उलटे आटे. पहिले तीन फेरे बोटांनीच फिरले पाहिजेत.

चाकांच्या बाबतीत आकड्यांकडे नीट बघा. टायरवर '२० x १.७५' किंवा '२० x २.१२५' असं दशांशात लिहिलं असेल तर रिम ४०६ मिमीची. '२० x १ ३/८' असं अपूर्णांकात असेल तर ४५१ मिमीची. दोन्ही 'वीस इंची', पण एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. जुन्या रूपासाठी ४०६ ची ३६ भोकांची रिम आणि तपकिरी बाजूचा टायर घ्या. स्पोक तीन-क्रॉस (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तिघांना ओलांडेल असे) विणले तर लांबी साधारण १८० ते १९० मिमीच्या दरम्यान येते, पण हबची फ्लँज (स्पोक अडकवायची कड) आणि रिमची खोली मोजून नेमका आकडा काढल्याशिवाय कापून घेऊ नका. दोन मिमी लांब झाला तर निपलमधून वर येऊन ट्यूब फोडतो. आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढताना आधी वर-खालचा, मग डावा-उजवा. रिमवर पट्टी लावायचं राहून गेलं तर पंक्चरवाल्याशी घरोबा होतो.

हब ११० मिमीपेक्षा थोडा अरुंद असेल तर दोन्ही बाजूंना सारखे वायसर घाला. रुंद असेल आणि फ्रेम स्टीलची असेल तर दोन-तीन मिमी ताणून बसवता येतो. ॲल्युमिनियमची फ्रेम कधीही ताणू नका, चीर वेल्डिंगपाशी जाते आणि आधी काही सांगत नाही. फ्रीव्हील चढवण्याआधी हबच्या आट्यांना ग्रीस लावा. पेडल मारताना ते आपोआप आवळत जातं, ग्रीसशिवाय पुढे उतरत नाही.

दात ४४ आणि १६ हा त्या काळचा ठरलेला मेळ. पेडलच्या एका फेऱ्याला मागचं चाक पावणेतीन वेळा फिरतं, म्हणजे सायकल चार मीटरच्या थोडी वर पळते. गंगापूर रोडवर हे छान. पांडवलेणीच्या पायथ्याचा चढ रोजचा असेल तर मागे १८ दातांचं फ्रीव्हील लावा. चेन १/८ इंची रुंदीची घ्या, गिअरच्या सायकलीची अरुंद चेन या दातांवर बसत नाही. लांबी अशी कापा की एक्सल खाचेच्या मध्यावर येईल, म्हणजे पुढे चेन ताणायला जागा उरते. मधोमध बोटाने दाबल्यावर एक सेंटीमीटरभर खेळ हवा. चेनव्हील फिरवताना एका जागी ताण वाढत असेल तर चेनव्हील मध्यावर बसलेलं नाही. सगळ्यात ताठ जागेवर खेळ ठेवूनच एक्सल आवळा.

ब्रेक घेण्याआधी ब्रेकच्या भोकापासून रिमच्या घासणाऱ्या पट्टीपर्यंतचं अंतर मोजा. रस्त्यावरच्या रेसिंग सायकलींचे छोटे कॅलिपर ब्रेक इथे पोचत नाहीत, ब्लॉक टायरला घासतो आणि टायर फाटतो. क्रोमच्या स्टील रिमवर पावसात ब्रेक जवळजवळ लागत नाही, म्हणून दिसण्यात थोडी तडजोड करून ॲल्युमिनियमची रिम घ्या. जुन्या रेसच्या सायकलीला एकच मागचा ब्रेक आणि त्याचा लिव्हर उजवीकडे असे. आपल्याकडे उजवा हात पुढच्या ब्रेकला सरावलेला असतो. द्वारका चौकात हा ऐतिहासिक अस्सलपणा कामाचा नाही. चिमट्याला भोक असेल तर पुढचाही ब्रेक लावा.

रस्त्यावर काढण्याआधी

पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल जोरात पिळा. फिरलं तर पाचरेचा बोल्ट आणखी आवळा. स्टेमच्या चारही बोल्टमधली फट सारखी हवी. एका बाजूने आवळलेला क्लँप हँडलबारला खाच पाडतो आणि बार तिथेच तुटतो. स्टेमवरची कमाल उंचीची रेघ नळीच्या आत गेली पाहिजे, सीटपोस्ट किमान सहा-सात सेंटीमीटर आत. पुढचं चाक पाच सेंटीमीटर उचलून सोडा: टक् असा आवाज आला तर हेडसेट सैल आहे.

पहिली फेरी सकाळी लवकर, डोंगरे मैदानासारख्या मोकळ्या जागी, पान्हा खिशात ठेवून. नव्या विणलेल्या चाकाचे स्पोक पहिल्या काही किलोमीटरमध्ये टणटण वाजतात, ते बसत असतात, घाबरू नका. पन्नासेक किलोमीटरनंतर चाकांचा आऊट, मागचे एक्सल नट, हेडसेट आणि क्रँकचा डावा लॉकनट पुन्हा बघा. तो नट तपासायला दुकानात दिलीत तर आटे उलटे आहेत हे आधी सांगा.