एका शाळेचा जिल्हा : क्रॅनबरीत नव्याने येणाऱ्या पालकांसाठी

माझे वडील सातारा जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षक होते. त्यामुळे ‘जिल्हा’ या शब्दाने माझ्या डोळ्यांसमोर अकरा तालुके, शेकडो शाळा, बदल्यांच्या याद्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांचे कार्यालय उभे राहत असे. न्यू जर्सीतील क्रॅनबरी या गावात घर घेण्याचे आम्ही ठरवले, तेव्हा इथला ‘शालेय जिल्हा’ चांगला आहे असे जो तो सांगू लागला, आणि जिल्ह्यात किती शाळा आहेत असे मी अगदी भाबडेपणाने विचारले. उत्तर आले : एक. बालवाडीपासून आठवीपर्यंतची एक शाळा, पाचशेच्या आसपास मुले, आणि तेवढ्यासाठी एक स्वतंत्र अधीक्षक व एक निवडून आलेले शिक्षण मंडळ. हे पचवायला मला बराच वेळ लागला. नव्याने येणाऱ्या मराठी पालकांच्या बहुतेक अडचणी ‘जिल्हा’ म्हणजे नेमके काय हे न उमगल्यामुळे होतात, असे माझे मत त्यानंतर झाले आहे.

न्यू जर्सीत २१ काउंट्या (आपल्या महसुली जिल्ह्यांसारखे विभाग) आणि ५६४ नगरपालिका व टाउनशिपा (स्वतःचा स्थानिक कारभार असलेली गावे) आहेत, तर शालेय जिल्हे सुमारे सहाशे. म्हणजे शाळांचा कारभार राज्याच्या राजधानीतून किंवा काउंटीच्या मुख्यालयातून नव्हे, तर बहुतेक ठिकाणी गावातूनच चालतो. पाच ते अठरा वर्षे वयाच्या सर्व मुलांसाठी ‘परिपूर्ण आणि कार्यक्षम’ अशी मोफत सार्वजनिक शाळांची व्यवस्था पुरवण्याची जबाबदारी राज्यघटनेने १८७५ च्या दुरुस्तीपासून विधिमंडळावर टाकली आहे. परंतु प्रत्यक्ष शाळा उभी करणे, शिक्षक नेमणे आणि त्यांचे पगार देणे ही कामे स्थानिक जिल्हा करतो. क्रॅनबरीच्या मेन स्ट्रीटवर १८९६ साली बांधलेली जुनी शाळा आजही दिमाखात उभी आहे आणि तिचे नाव देशाच्या ऐतिहासिक वास्तूंच्या नोंदवहीत आहे. २०२० च्या जनगणनेनुसार चार हजारांहूनही कमी वस्ती असलेल्या गावाने सव्वाशे वर्षांपूर्वी शाळेसाठी अशी इमारत बांधली, हे पाहिल्यावर इथले लोक शाळेला ‘आपली’ का म्हणतात ते कळते.

हा आपलेपणा अर्थात खिशातूनही जातो. शाळेचा मुख्य आधार म्हणजे घरांवरील व इतर मिळकतींवरील मालमत्ता कर. राज्यात घरामागे सरासरी वार्षिक मालमत्ता कर २०२४ साली १०,००० डॉलरच्या पुढे गेला, आणि राज्यभरात जमा होणाऱ्या या कराचा निम्म्याहून किंचित मोठा वाटा शाळांकडे जातो. भाड्याने राहणाऱ्यांना वाटते की आपण हा कर भरत नाही. घरमालक तो भाड्यातच धरतो. टर्नपाइक महामार्गाच्या ८-अ क्रमांकाच्या निर्गमाजवळ दिसणारी अजस्र गोदामे कुणालाच देखणी वाटत नाहीत, पण तीही कर भरतात आणि त्यांच्याकडून शाळेत मुले येत नाहीत, एवढे गणित गावातील सर्वांना ठाऊक असते. जिल्ह्याला करवसुली वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा अधिक वाढवण्यास, काही अपवाद वगळता, २०१० च्या कायद्याने मनाई आहे. त्यामुळे विम्याचा किंवा बसचा खर्च त्याहून वेगाने वाढला, की कुठला तरी उपक्रम कापावा लागतो आणि दरवर्षी वसंतात अर्थसंकल्पाच्या सुनावणीला सभागृह भरते.

त्या सभांना जाण्याचा सल्ला मी प्रत्येक नव्या पालकाला देते. शिक्षण मंडळाचे सदस्य गावातलेच असतात, तीन वर्षांसाठी निवडून येतात आणि त्यांना या कामाचे मानधन मिळत नाही. १९७५ च्या खुल्या सभांच्या कायद्यामुळे बैठकीची विषयपत्रिका आधी जाहीर करावी लागते आणि नागरिकांना बोलण्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो. नागरिकत्व नसल्यामुळे आपल्याला मत देता येत नाही, पण बोलता मात्र येते. पहिल्या सभेला मी मागच्या रांगेत बसून केवळ ऐकले. शिक्षकांचे करार, छपराची दुरुस्ती, वाचनाच्या नव्या पुस्तकांची खरेदी असे विषय दोन तास चालले, आणि माझ्या मुलाच्या वर्गात काय होणार हे कुठे ठरते ते मला पहिल्यांदा दिसले. वडिलांना फोनवर सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे शिक्षण समितीची बैठक, फक्त टाळ्या आणि हारतुरे वजा.”

आता प्रवेशाकडे वळू. घर शोधताना सर्वांत मोठी फसगत पत्त्याची होते. टपालाचा पत्ता आणि टाउनशिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘प्रिन्स्टन’ असा टपाल पत्ता असलेली कितीतरी घरे प्रत्यक्षात वेस्ट विंडसर किंवा साउथ ब्रन्सविक टाउनशिपमध्ये येतात आणि तिथली मुले त्या त्या जिल्ह्याच्या शाळांत जातात. क्रॅनबरीच्या नावाच्या पत्त्यांचेही तसेच आहे. आम्हाला एका घरदलालाने छातीठोकपणे चुकीचा जिल्हा सांगितला होता. मालमत्ता कर कोणत्या टाउनशिपला जातो हे पाहिले म्हणून वाचलो. भाडेकरार करण्यापूर्वी पत्ता सांगून शाळेच्या कार्यालयातच खात्री करून घ्यावी, कारण रस्त्याच्या पलीकडे राहायला गेले तरी जिल्हा बदलू शकतो.

राहत असल्याचा पुरावा म्हणून भाडेकरार, घरखरेदीची कागदपत्रे, वीज किंवा गॅसचे बिल अशी अनेक प्रकारची कागदपत्रे चालतात; एकच विशिष्ट कागद हवा, असा हट्ट जिल्ह्याला धरता येत नाही. कागदोपत्री स्थलांतराचा दर्जा काय आहे यावरून मुलाला शाळा नाकारता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासच्या एका खटल्यात १९८२ साली हा प्रश्न निकाली काढला आहे. इयत्ता मुख्यतः वयावरून ठरते. १ ऑक्टोबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलाला किंडरगार्टनमध्ये प्रवेश मिळण्याचा हक्क असतो. आपल्याकडे जूनमध्ये तिसरी सुरू केलेले मूल इथे सप्टेंबरमध्ये कुठल्या वर्गात बसेल, यावर घरोघरी वाद होतात; वर्ष ‘वाया गेले’ म्हणून मुलासमोर हळहळू नये, एवढेच सांगेन.

मी सर्वांत अधिक धावपळ केली ती लसीकरणाच्या कागदांसाठी, आणि ती टाळता येण्यासारखी होती. भारतात शासकीय कार्यक्रमात गोवर-रुबेलाची पहिली लस नवव्या महिन्यात देतात. न्यू जर्सीत मात्र गोवराची पहिली मात्रा पहिल्या वाढदिवसानंतर दिलेली असेल तरच ती धरली जाते. नवव्या महिन्याची मात्रा मोजली जात नाही, आणि इथे गालगुंडाची लसही सोबत लागते. मुलाच्या पिवळ्या कार्डावर सर्व नोंदी असूनही मला दोनदा डॉक्टरांकडे जावे लागले. दुसरी अडचण तारखांची. कार्डावर ०५/०८ असे लिहिले होते; आपण ते पाच ऑगस्ट असे वाचतो, इथे ते आठ मे होते. निघण्यापूर्वी तिथल्या डॉक्टरांकडून महिन्याचे नाव अक्षरांत लिहिलेला, सही-शिक्क्याचा इंग्रजी दाखला आणावा. सहावीत येणाऱ्या मुलांना आणखी दोन लसी लागतात, त्यांपैकी एक मेंदूज्वराची.

तिसरी बाब क्षयरोगाची. ज्या देशांत या रोगाचे प्रमाण जास्त आहे, तिथून प्रथमच येणाऱ्या विद्यार्थ्याची चाचणी करावी लागते. आपल्या मुलांना जन्मतःच बीसीजी टोचलेली असते आणि त्यामुळे त्वचेवरची चाचणी नाहक होकारार्थी येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, फेऱ्या आणि घरात काळजी. रक्ताची चाचणी करून घेतली तर बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. हे मला शाळेच्या परिचारिकेने शांतपणे समजावले. इथे शाळेत पूर्णवेळ परिचारिका असणे नेहमीचे आहे, आणि नव्या पालकाने सर्वांत आधी ओळख करून घ्यावी ती तिचीच.

प्रवेशाच्या कागदांत घरातील भाषेची एक प्रश्नावली असते. ‘मराठी’ असे लिहिले तर मुलाला मागे बसवतील या भीतीने कित्येक पालक ‘फक्त इंग्रजी’ असे लिहितात. तसे करू नये. दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाची छाननी होते आणि गरज असेल तरच इंग्रजीच्या विशेष शिक्षिकेचा तास मिळतो. दरवर्षी चाचणी होऊन मूल तयार झाले की ती मदत थांबते. पुण्यामुंबईच्या इंग्रजी माध्यमातून आलेली मुले बहुधा त्या छाननीतच पार होतात. साताऱ्याच्या मराठी शाळेतून आलेल्या माझ्या भाचीला मात्र त्या तासांचा फार उपयोग झाला. व्याकरण तिला येतच होते. वर्गात हात वर करून अर्धवट वाक्यही बोलायचे असते, हे तिला तिथे उमगले.

अभ्यासक्रमाची उद्दिष्टे राज्य ठरवते, पुस्तके आणि पद्धत जिल्हा ठरवतो. तिसरी ते आठवीत दर वसंतात भाषा व गणिताची राज्य चाचणी होते, आणि पाचवी व आठवीत विज्ञानाचीही. तिचा निकाल पाहून शेजाऱ्यापाजाऱ्यांत तुलना करण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही. त्या गुणांवर मूल पास-नापास होत नाही. यहुदी संहाराचा इतिहास शिकवणे १९९४ पासून सक्तीचे आहे. हवामानबदलाचा विषय सर्व इयत्तांच्या उद्दिष्टांत आणणारे न्यू जर्सी हे देशातील पहिले राज्य ठरले, आणि २०२२ च्या सप्टेंबरपासून तो वर्गांत शिकवला जाऊ लागला. विशेष प्रज्ञावान मुलांची ओळख पटवून त्यांना योग्य ते शिक्षण देणे प्रत्येक जिल्ह्यावर बंधनकारक आहे; त्याचे निकष जिल्ह्याने जाहीर करावे लागतात, म्हणून ते मागून वाचावेत. केवळ ‘आमचा मुलगा हुशार आहे’ असे पत्र लिहून काही होत नाही. हेही मी करून पाहिले आहे.

विशेष शिक्षणाविषयी मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण आपल्या समाजात यावर कुजबूजच अधिक होते. वाचनात अडखळणे, बोलणे उशिरा येणे, लक्ष न लागणे अशी शंका असेल तर पालकाने तोंडी न सांगता लेखी विनंती करावी. लेखी विनंती पोहोचल्यापासून साधारण वीस दिवसांत शाळेला बैठक घ्यावी लागते, आणि पालकांनी तपासणीला संमती दिल्यापासून नव्वद दिवसांत तपासणी, निर्णय व पात्र असल्यास वैयक्तिक शिक्षण योजनेची अंमलबजावणी व्हायला हवी. मानसशास्त्रज्ञ, अध्ययन-सल्लागार आणि समाजसेविका यांचे पथक हे काम करते. यासाठी पालकांना एक डॉलरही द्यावा लागत नाही आणि पालकांच्या संमतीशिवाय पहिली योजना लागू होत नाही. ‘शिक्का बसेल’ म्हणून दोन वर्षे थांबलेली एक आई माझ्या परिचयाची आहे. ती दोन वर्षे परत मिळाली नाहीत.

लहान जिल्ह्याचा मोठा लाभ म्हणजे कुणीही अनोळखी राहत नाही. ग्रंथपालाला मुलाची आवड माहीत असते, आणि वाद्यवृंदात वा नाटकात सर्वांना जागा मिळते, कारण सर्व आले तरच संख्या पुरते. याच्या उलट बाजूही आहे. एका इयत्तेत मोजक्याच तुकड्या असतात. दोन मुलांचे पटले नाही तर आठ-नऊ वर्षे एकमेकांना टाळायला जागा नसते. परकीय भाषांचे किंवा गणिताच्या वरच्या पातळ्यांचे पर्याय शेजारच्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोसारख्या मोठ्या जिल्ह्याइतके मिळणे शक्य नसते. शांत, बुजऱ्या मुलाला हे गाव मानवते. प्रत्येक गोष्टीत स्पर्धा हवी असणाऱ्या मुलाला, खरे म्हणजे त्याच्या पालकांना, ते अपुरे वाटते.

आणि आठवीनंतर काय? क्रॅनबरीला स्वतःचे हायस्कूल नाही. इथली मुले नववीपासून प्रिन्स्टन हायस्कूलमध्ये जातात; क्रॅनबरी मिडलसेक्स काउंटीत आणि प्रिन्स्टन मर्सर काउंटीत असले, तरी दोन जिल्ह्यांमधील करारामुळे क्रॅनबरीचा जिल्हा प्रत्येक मुलामागे प्रिन्स्टनला शुल्क देतो. पालकांना काही भरावे लागत नाही. हायस्कूलचे मूल अडीच मैलांहून दूर राहत असेल तर मोफत वाहतूक हा कायद्यानेच हक्क आहे, त्यामुळे बसही मिळते. प्रिन्स्टनच्या शिक्षण मंडळात तिथले नऊ निवडून आलेले सदस्य असतात आणि दहावी जागा क्रॅनबरीच्या प्रतिनिधीची असते. गावच्या मंडळाकडून तिथे कोण जाते, हे सातवीच्या पालकांनी तरी माहीत करून घ्यावे. पाचशे मुलांच्या शाळेतून एकदम दीड हजारांच्या शाळेत जाताना मुलाला धक्का बसतो, आणि त्याची तयारी आठवीत गणिताचा कोणता वर्ग घेतला इथपासून सुरू होते. ज्यांना अभियांत्रिकी किंवा आरोग्यशास्त्राची ओढ आहे, त्यांच्यासाठी मिडलसेक्स काउंटीच्या तंत्रशाळांचा वेगळा मार्ग आहे. तिथे अर्ज आठवीतच करावा लागतो.

दोन भाषांत प्रावीण्य दाखवणाऱ्या हायस्कूलच्या विद्यार्थ्यांना पदविकेवर राज्याची द्विभाषिकतेची मोहोर मिळण्याची सोय २०१६ पासून आहे. परिसरात बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमानुसार रविवारी भरणाऱ्या मराठी शाळांत मुलांना आम्ही पाठवतो, तेव्हा मोहोर मनात असतेच असे नाही. माझा मुलगा आता प्रिन्स्टनच्या बसमध्ये बसतो आणि आजोबांना फोनवर शाळेची हकिगत मराठीत सांगतो. परवा आजोबांनी त्याला विचारले, “अरे, पण तुझा जिल्हा आता कुठला?” त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “राहतो एका जिल्ह्यात, शिकतो दुसऱ्या.”