आर-३२ च्या एसीवर काम करताय? या चुका टाळा

मार्च संपला की पुण्यात एसीवाल्याला जेवायला वेळ नसतो, आणि मग दोन तासांचं काम पाऊण तासात उरकायची चढाओढ सुरू होते. आर-२२ या जुन्या गॅसच्या काळात ते खपून जायचं कारण तो पेटत नव्हता (ओझोनची वाट लावत होता तो भाग वेगळा). आता नवीन स्प्लिट बहुतेक आर-३२ गॅसवर असतात. त्याचा जीडब्ल्यूपी (हवामान तापवायची ताकद, कार्बन डायऑक्साइडच्या किती पट ते) ६७५, तर आर-४१०ए गॅसचा २०८८, म्हणजे हवामानाला हा पुष्कळ बरा, पण पेटतो. लगेच नाही, हवेत साधारण १४ टक्क्यांच्या वर गेला तरच, आणि जाळ पण हळू पसरतो. एवढं कुठेतरी व्हिडिओत ऐकून पोरं जी निर्धास्त होतात ना, तिथेच घोळ आहे.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे प्रेशर गेजचा काटा शून्यावर आला की टॉर्च (पाइपाचे जॉइंट तापवायची गॅसची ज्योत) पेटवणं. अरे बाबा, शून्य म्हणजे आतलं प्रेशर बाहेरच्या हवेइतकं झालं एवढंच, पाइपात गॅस आहेच आणि कॉम्प्रेसरच्या तेलात विरघळलेला वेगळा, तो गरम केल्यावर बाहेर येतो.

वाकडच्या एका फ्लॅटमध्ये मी हॉलमधलं इनडोर बसवत होतो आणि बेडरूमचा आधीचा, तो पण आर-३२ चाच, एसी दुसऱ्या काँट्रॅक्टरचा पोरगा दुरुस्त करत होता. आउटडोर ड्राय बाल्कनीत, शेजारी वॉशिंग मशीन, भिंतीवर गॅस गीझर. पठ्ठ्याने व्हॉल्व्हची पिन दाबून गॅस तिथेच सोडला, आणि वाऱ्याने टॉर्च विझतोय म्हणून वर स्लायडिंग पण लावून घेतलं! आर-३२ हवेपेक्षा जड, तो खाली फरशीवर साचतो. त्यात बाथरूममध्ये कुणी गरम पाण्याचा नळ सोडला असता तर गीझर आपोआप पेटला असता. तशी वेळच आली नाही, त्याने जुन्या जॉइंटवर टॉर्च धरला, जॉइंट सुटला, तेल आणि गॅस एकदम बाहेर आले आणि भप्पकन जाळ झाला. भुवया गेल्या, हातावर फोड आले, पण त्याहून वाईट होता तो वास, घसा खरवडून काढणारा. हा गॅस जळला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं, ते डोळ्यांत, घशात, फुफ्फुसात सगळीकडे लागतं. काकू बिचाऱ्या पाणी आणायला धावल्या, मी आधी गीझरचा सिलिंडर बंद केला आणि सगळ्यांना जिन्याने खाली काढलं. पोराला थेट दवाखान्यात नेलं, कारण असल्या धुराचा त्रास कधी कधी काही तासांनी वाढतो. आणि त्याचा मालक फोनवर विचारतोय, काम झालं का!

मी काय करतो, तर गॅस रिकव्हरी मशीनने वेगळ्या सिलिंडरमध्ये काढतो, मग लाइनमधून नायट्रोजन फिरवतो, जॉइंट टॉर्चने न सोडवता पाइप कटरने कापतो, आणि ब्रेझिंग (टॉर्चने पाइप जोडणं) चालू असताना आतून नायट्रोजन हळूहळू सोडत राहतो. खिडक्या उघड्या, पंखा खालच्या बाजूला. वारा लागतोय? लागू दे, आडोसा म्हणून पत्रा धर. शक्य तिथे ब्रेझिंग टाळून नटाने आवळायचा फ्लेअर जॉइंटच करतो.

दुसरी चूक, एसी बसवताना व्हॅक्यूम (पंपाने पाइपातली हवा ओढून काढणं) न करता फुस्स करून हवा काढणे. फ्लेअर नट ढिला करायचा, गॅस सोडायचा, झालं म्हणायचं. हवा अर्धी आतच राहते, ओलावा राहतो, आणि या गॅससोबतचं कॉम्प्रेसरचं पीओई तेल ओलावा लगेच ओढून घेतं, मग वर्षा-दोन वर्षांनी कॉम्प्रेसर गेला की कंपनीच्या नावाने शिव्या. शिवाय घरात पेटणारा गॅस सोडला तो सोडला, आणि ६७५ चं गणित लावलं तर १०० ग्रॅम गॅस म्हणजे साडेसदुसष्ट किलो कार्बन डायऑक्साइड. मी पंप लावतो आणि निवांत चहा घेतो, मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम किती झालं ते मोजणारं) ५०० च्या खाली गेलं की पंप बंद करून काटा परत चढतो का बघतो. चढला तर कुठेतरी गळतंय नाहीतर ओलावा राहिलाय, गॅस भरायचाच नाही. ज्याला तेवढा वेळ नाही त्याने कूलर विकावेत.

गळणाऱ्या एसीचा पंप डाउन (कॉम्प्रेसर चालवून सगळा गॅस आउटडोरमध्ये ओढून घेणं) करू नका. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो, ती तेल आणि गॅससोबत दाबली जाते, तापते, आणि कॉम्प्रेसर फुटू शकतो.

प्रेशर टेस्टला ऑक्सिजन? कधीच नाही, तेलाला लागला की स्फोट.

लीक लायटरने शोधणाऱ्यांशी मी बोलत नाही, साबणाचा फेस काय महाग आहे का.

गॅस वजनकाट्यावर भरा, हाताला पाइप गार लागला म्हणून नाही. एसीच्या प्लेटवर ग्रॅम लिहिलेले असतात.

मे महिन्यात सिलिंडर बंद गाडीत उन्हात ठेवू नका, ५० अंशांच्या वर तापू द्यायचा नसतो.

आर-२२ च्या जुन्या एसीत आर-३२ भरायचा नाही. प्रेशर दीडपटीहून जास्त, तेल वेगळं, आणि ते मशीन पेटणाऱ्या गॅससाठी बनलेलंच नाही. 'स्वस्तात होतंय साहेब' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आणि आर-३२ वर हात बसला म्हणून आर-२९० ला तसाच हात घालू नका. तो सरळ प्रोपेन आहे, हवेत २ टक्क्यांच्या आसपासच पेटतो, आणि त्याला साध्या स्विचची ठिणगी पण पुरते. ट्रेनिंग नसेल तर कंपनीचा माणूस बोलवा, कस्टमर कितीही मागे लागला तरी.